दयेवर रुसलेली माणसे

पवित्र शास्त्रात देवावर रागावलेली माणसे बरीच आहेत. ईयोब रागावतो, यिर्मया रागावतो, आणि स्तोत्रकर्ता तर ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो. या सगळ्यांचा राग आपल्याला समजतो, कारण ती माणसे दुःख भोगत असतात आणि देव गप्प असतो. योना या संदेष्ट्याचा राग मात्र निराळा आहे. देवाने दया केली म्हणून तो रागावतो. निनवे नावाचे एक आख्खे शहर वाचले म्हणून ‘आता माझा जीव घे, जगण्यापेक्षा मला मरण बरे’ असे म्हणतो. तारणाविषयी मी आजवर जी प्रवचने ऐकली, त्यांत क्षमा मिळालेल्या पाप्याविषयी पुष्कळ होते. त्या क्षमेने ज्यांच्या पोटात दुखले त्यांच्याविषयी फार थोडे. वास्तविक शास्त्र या रुसलेल्या माणसांना बराच वेळ देते, आणि देवाच्या दयेचा विस्तार केवढा आहे हे त्यांच्याशी झालेल्या संभाषणांतच अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

आमच्या पिढीला योना भेटला तो संडे स्कूलच्या भिंतीवरच्या चित्रात, मोठ्या माशाच्या पोटात गुडघे टेकून प्रार्थना करताना. पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे, अठ्ठेचाळीस वचनांचे. त्यांतली माशाच्या वाट्याला जेमतेम तीन. तरीही लहानपणी गोष्ट माशापाशीच संपायची. फार तर निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला एवढे सांगून शिक्षिका प्रार्थनेला उभे करायच्या. चौथा अध्याय, म्हणजे शहराबाहेर छपराखाली फुरंगटून बसलेला संदेष्टा, मुलांना सांगण्यासारखा कोणाला वाटत नसावा. मला तर हे सारे पुस्तक त्या चौथ्या अध्यायासाठीच लिहिले गेले असे वाटते.

योनाला हट्टी ठरवण्याआधी निनवे म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे. तैग्रीस नदीच्या काठी, आजच्या मोसुल शहराच्या समोरच्या तीरावर, या नगरीचे अवशेष आहेत. अश्शूरी साम्राज्याची ही पुढे राजधानी झाली. अश्शूरांनी इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन घेतले आणि इस्राएलचे उत्तरेकडील राज्य कायमचे पुसून टाकले. इ.स.पू. ७०१मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातील लाखीश हे तटबंदीचे नगर जिंकले, आणि त्या विजयाची शिल्पे निनवे येथील आपल्या राजवाड्यात कोरून घेतली. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांची छायाचित्रे कोणालाही सहज पाहता येतात. त्यांत तटाला लावलेले दमदमे आहेत, सुळावर चढवलेली माणसे आहेत, जिवंतपणी कातडी सोलली जात असलेले कैदी आहेत, आणि बैलगाडीवर बोचकी लादून, बायकापोरांसह परमुलखात निघालेली कुटुंबे आहेत. समोर राजा सिंहासनावर बसून हे सारे पाहतो आहे. कोणा शत्रूने बदनामीसाठी काढलेले हे चित्र नव्हे; अश्शूरांनी स्वतःच्या अभिमानासाठी ते आपल्या भिंतींवर लावले होते.

अशा शहरात जाऊन उपदेश कर, असे योनाला सांगण्यात आले. तो उठला आणि नेमका उलट दिशेने निघाला. निनवे पूर्वेला, तर याफो बंदरातून त्याने तार्शीशला जाणारे जहाज गाठले; वादळ आणि मासा यांतून गेल्यावरच तो निनवेला पोचला. तो घाबरून पळाला असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्याने स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. चौथ्या अध्यायात तो देवाला सरळ म्हणतो की, मी माझ्या देशात होतो तेव्हा हेच म्हणत नव्हतो का? तू कृपाळू आणि कनवाळू, मंदक्रोध आणि दयासंपन्न आहेस, अरिष्ट आणण्याचे मनातून काढून टाकणारा आहेस, हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. म्हणजे तो पळाला तो देवाच्या दयाळूपणाला भिऊन.

या वाक्यात योना जे शब्द तक्रारीसारखे देवापुढे टाकतो, ते त्याचे स्वतःचे नव्हेत. ते निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायातले आहेत. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, मोशेने रागाने दगडी पाट्या फोडल्या, आणि त्यानंतर दुसऱ्या पाट्या घेऊन तो सीनाय पर्वतावर गेला, तेव्हा परमेश्वराने त्याच्यासमोरून जाताना आपल्या नावाची ही घोषणा केली. योनाचे राष्ट्र जगले ते याच घोषणेवर. वासराची पूजा करणाऱ्यांना क्षमा मिळाली नसती, तर पुढे योना जन्मलाच नसता. ज्या वचनावर आपले सारे घर उभे आहे तेच वचन शेजारच्या घरालाही लागू पडते हे त्याला सोसत नाही. दुसरे राजे या पुस्तकात अमित्तयाचा मुलगा योना याचा एकदाच उल्लेख येतो, आणि तोही दुसऱ्या यराबाम राजाने राज्याच्या सीमा परत मिळवल्याच्या संदर्भात. यराबाम हा परमेश्वराच्या दृष्टीने वाईट वागणारा राजा होता असे तिथेच लिहिले आहे. अशा राजाच्या राष्ट्राला देवाने सांभाळले, त्याचे भाकीत करताना योना कचरल्याची कुठेही नोंद नाही.

तरीही योनाचा राग एका फटक्यात निकालात काढता येत नाही. हे पुस्तक यहूदी लोकांच्या बाबेलातील बंदिवासानंतरच्या काळात लिहिले गेले असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल, तर त्याच्या पहिल्या वाचकांना शोमरोनचे पुढे काय झाले हे माहीत होते. ज्या शहराला देवाने माफ केले त्याच शहराच्या सैन्याने नंतर आपले राज्य मोडले, हे ध्यानात ठेवून त्यांनी ही गोष्ट वाचली असणार. शास्त्राने हा काच लपवलेला नाही. बारा लघु संदेष्ट्यांच्या संग्रहात योनानंतर मीखा आणि लगेच नहूम येतो, आणि नहूमाचे सबंध पुस्तक निनवेच्या नाशाचे वर्णन आहे. इ.स.पू. ६१२मध्ये बाबेल आणि मेदी यांच्या सैन्यांनी ते शहर खरोखरच धुळीला मिळवले. ज्या निर्गमाच्या वचनाचा आधार योना घेतो, त्याचाच आधार नहूमही घेतो. फक्त तो त्यातला उत्तरार्ध उचलतो, की परमेश्वर मंदक्रोध आहे खरा, पण दोषी माणसाची गय करीत नाही. ही दोन्ही पुस्तके निनवेविषयीच्या एकेका प्रश्नावर संपतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नहूम विचारतो की, तुझ्या अखंड दुष्टाईचा जाच झाला नाही असा कोण उरला आहे? आणि योनाच्या पुस्तकात देव विचारतो की, या शहराची मी पर्वा करू नये काय? शास्त्राची मांडणी करणाऱ्यांनी यांतला एकही प्रश्न गाळला नाही. दयेचा प्रश्न जुलूम सोसलेल्यांच्या प्रश्नाशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

देव योनाला रागे भरत नाही. तो विचारतो, ‘तुझे रागावणे बरे आहे काय?’ उत्तर मिळत नाही. मग तो त्याच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून एक रोप उगववतो, दुसऱ्या दिवशी पहाटे ते किडीकडून कुरतडवतो, आणि वर पूर्वेचा झळईचा वारा सोडतो. योना पुन्हा मरण मागतो. तेव्हा देव म्हणतो की, ज्या रोपासाठी तू काही श्रम केले नाहीस, जे एका रात्रीत आले आणि एका रात्रीत गेले, त्याचा तुला एवढा कळवळा. मग ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याचा मला कळवळा येऊ नये काय? शेवटची गुरेढोरे पाहून मला दर वेळी हसू येते आणि बरेही वाटते. निनवेच्या राजाने पश्चात्तापाच्या फर्मानात जनावरांनाही गोणपाट नेसवायला आणि उपाशी ठेवायला सांगितले होते. देवाच्या हिशेबातून ती निसटली नाहीत. योना यावर काय म्हणाला ते लिहिलेले नाही.

यहूदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, दुपारच्या उपासनेत हे पुस्तक वाचतात. स्वतःसाठी क्षमा मागण्याच्या दिवशीच शत्रूला मिळालेल्या क्षमेची गोष्ट वाचावी, ही योजना ज्यांनी केली त्यांना माणसाचे मन चांगले ठाऊक होते. सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती मंडळ्या उपवासकाळाच्या आधी काही आठवडे तीन दिवसांचा निनवेचा उपास पाळतात; केरळातही तो पाळला जातो. इराकमधल्या निनवेच्या मैदानातल्या गावांत ही प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. २०१४च्या जुलैमध्ये इस्लामिक स्टेटने मोसुलमधून ख्रिस्ती लोकांना हाकलून दिले, आणि त्याच महिन्यात योनाची कबर म्हणून मानली जाणारी नबी युनुसची मशीद सुरुंग लावून उडवली. त्या मैदानातून परागंदा झालेल्या कुटुंबांनी पुढच्या वर्षीचा निनवेचा उपास कोणत्या मनाने पाळला असेल, याचा विचार केला की योना जुन्या काळातला एक तऱ्हेवाईक माणूस राहत नाही.

येशूने सांगितलेल्या दृष्टांतांत योनाची भावंडे भेटतात. लूकच्या पंधराव्या अध्यायाची सुरुवात नीट वाचावी. जकातदार आणि पापी लोक येशूचे ऐकायला जवळ येत होते, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे आणि शिकवणारे लोक, कुरकुर करीत होते की, हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला बसतो. मराठी माणसाला या आक्षेपाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. कोण कोणाच्या पंक्तीला बसले यावरून आपल्याकडे घरेच्या घरे वाळीत पडली आहेत. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा, या तिन्ही गोष्टी येशूने सांगितल्या त्या या कुरकुरणाऱ्यांना. तेव्हा तिसऱ्या गोष्टीचे खरे श्रोते वाट्याची मालमत्ता उडवून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राच्या जागी बसलेलेच नाहीत. ते शेतातून परतलेल्या त्याच्या थोरल्या भावाच्या जागी आहेत.

या थोरल्याची बाजू कोणी फारशी मांडत नाही. धाकट्याने वाटणी मागितली तेव्हा बापाने दोघांनाही मालमत्ता वाटून दिली, असे लूक लिहितो. ‘अनुवाद’ या मोशेच्या नियमशास्त्राच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे ज्येष्ठाचा वाटा दुप्पट. म्हणजे धाकटा आपला हिस्सा उडवून आला त्या वेळी घरात जे काही उरले होते, ते रीतीप्रमाणे थोरल्याकडेच जाणार होते. धाकट्याच्या अंगावर चढलेला उंची झगा, बोटातली अंगठी, पायांतल्या वहाणा आणि कापलेले पुष्ट वासरू, हा सारा खर्च एका अर्थी थोरल्याच्या वाट्यातून झाला. त्याला कोणी विचारले नाही. इतकेच नव्हे, तर त्याला कोणी बोलावलेही नाही. दिवसभर राबून तो घराजवळ आला, वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज कानावर पडला, आणि काय चालले आहे ते एका चाकराकडून समजून घ्यावे लागले. दया करणारा उदार असतो, पण तिची किंमत पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या खिशातून जाते, ही गोष्ट येशूने झाकलेली नाही.

थोरला आत जायला तयार होत नाही. तेव्हा बाप बाहेर येतो. धाकट्यासाठी धावत गेलेला हाच बाप, पाहुणे पंगतीला बसलेले सोडून, अंगणात येऊन थोरल्याची मनधरणी करतो. मुलगा ‘बाबा’ अशी हाकही मारत नाही. इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली, मला कधी एक करडूसुद्धा दिले नाही, आणि ‘हा तुमचा मुलगा’ आला तर वासरू कापले, असे बोलून घेतो. बाप म्हणतो, ‘बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे.’ मग तो ‘हा तुझा भाऊ’ म्हणून धाकट्याचे नाते त्याच्याशी पुन्हा जोडून देतो. थोरला आत गेला की नाही, हे योनाच्या उत्तरासारखेच लिहिलेले नाही. तारण म्हणजे दूरदेशी गेलेल्या पोराने घरी परतणे, एवढेच आपण शिकतो. या दृष्टांतात उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या चांगल्या मुलालाही आत आणावे लागते आहे, आणि बापाला त्याच्यासाठीही तेवढेच चालावे लागते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत आमच्या एका घरगुती बायबल अभ्यासात निघाला होता. पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, मालक बाजारात जाऊन मजूर आणतो, आणि संध्याकाळी सर्वांना एकच दिनार देतो. वाचन संपल्यावर एका कारखान्यात आयुष्यभर मुकादमी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “पाळकसाहेब, राग मानू नका, पण हा मालक दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गेला तर त्याला एकही मजूर मिळायचा नाही. सगळे पाच वाजताच उगवतील.” खोली हसली, पाळकसाहेबही हसले. पण काकांनी विनोद केला नव्हता. तीस-पस्तीस वर्षे माणसांच्या हजेऱ्या मांडलेल्या माणसाची ती तक्रार होती.

मजूर नाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा दृष्टांत अधिक कळतो. सकाळी ठेकेदाराचा टेम्पो येतो, मनगटे आणि खांदे पाहून माणसे उचलली जातात, आणि उन्हे चढली तरी जे थापी, घमेले घेऊन तिथेच उभे असतात ते आळशी नसतात. ते वयाने झुकलेले, दम लागणारे, एखादा हात अधू असलेले असतात. मालकाने अकराव्या तासाला विचारले, ‘तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात?’ त्यांनी दिलेले उत्तर दृष्टांतात शब्दशः आहे: ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही.’ एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घरातली त्या दिवसाची भाकरी. मजुराला त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असे अनुवादात सांगितले आहे. तासाच्या हिशेबाने मजुरी दिली असती तर शेवटच्यांच्या घरी चिमूटभर पीठ गेले असते. त्या मालकाने काम किती झाले ते मोजले नाही; घरी काय लागेल ते पाहिले.

पण काकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. मालकाने कारभाऱ्याला सांगितले की, शेवटच्यापासून सुरुवात करून पहिल्यांपर्यंत मजुरी दे. उलट क्रमाने दिली असती तर पहाटेचे मजूर ठरलेला दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते आणि काही तंटा उद्भवलाच नसता. मालकाने मुद्दाम त्यांना थांबवून ठेवले आणि दुसऱ्यांना मिळालेले पाहायला लावले. देव आपली दया गुपचूप करीत नाही, ती प्रामाणिक माणसांच्या डोळ्यांदेखत करतो, हे या दृष्टांतातले सर्वांत अवघड वाक्य आहे. कुरकुर करणाऱ्याला मालक ‘मित्रा’ म्हणतो आणि ‘मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलते काय?’ असे विचारतो. इथेही पुन्हा प्रश्न, आणि इथेही मजुराचे उत्तर नाही.

त्याच संध्याकाळी चहा झाल्यावर, एरवी फारसे न बोलणाऱ्या एक मावशी माझ्याशी बोलल्या. त्यांचा नवरा दोन लहान मुले पदरात टाकून निघून गेला होता, आणि म्हातारपणी परतून मंडळीत आला. त्याने साक्ष दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या प्रभुभोजनाला त्याला भाकर आणि प्याला मिळाला. “त्यानं देवाची माफी मागितली, देवानं केली,” मावशी म्हणाल्या. “पण माझ्याकडं कोणी विचारायला आलं का?” द्राक्षमळ्याचा दृष्टांत या प्रश्नाला पुरत नाही, कारण पहाटेच्या मजुरांचे कोणी काही चोरले नव्हते.

अशा वेळी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर पुढे करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्या चाकराला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, तेव्हा ते कर्ज सहा कोटी दिनारांचे झाले. कोणा मजुराच्या दोन लाख वर्षांच्या कमाईइतके. आणि तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ‘तुला देवाने एवढे माफ केले, मग तू त्याला माफ कर’ असे मग दुखावलेल्या माणसाला सुनावले जाते. पण गोष्टीतला तो सोबती चाकराच्या पाया पडला होता, ‘मला सांभाळून घ्या, मी फेडीन’ अशी विनवणी त्याने केली होती, हे सांगायचे राहून जाते. मावशींच्या पाया कोणी पडले नव्हते. त्यांच्या तोंडावर हा दृष्टांत फेकणे म्हणजे शास्त्राचा अपमान आहे असे मी मानतो.

शास्त्रात याचे उत्तर दुसरीकडे आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. देवाकडे जाण्याची वाट त्या भावाच्या घरावरून जाते. यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो म्हणतो की, माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे.’ पैसे परत केल्यामुळे तारण विकत मिळाले, असा याचा अर्थ नाही. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो त्याने काही कबूल करण्याआधीच. पण त्या दिवशी यरीहोत ज्या ज्या घरांत चौपट रक्कम परत गेली असेल, तिथे देवाची दया पैशांच्या रूपाने पोचली. निनवेच्या राजाचे फर्मानही नुसते गोणपाट नेसण्याचे नव्हते; प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

जक्कयाला परतफेडीला वेळ मिळाला. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या दोन गुन्हेगारांपैकी एकाला तो मिळाला नाही. ही हकिकत एकट्या लूकने दिली आहे. दोघांपैकी एक येशूची निंदा करतो, दुसरा त्याला दटावतो, ‘आपल्याला आपल्या कृत्यांचे योग्य फळ मिळत आहे, याने तर काही वावगे केले नाही’ असे म्हणतो, आणि आपली आठवण ठेवावी एवढेच मागतो. येशू त्याला वचन देतो ते आठवणीपेक्षा पुष्कळ मोठे: ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ त्याच्या हातापायांना खिळल्यावर कोणते सत्कृत्य, कोणती भरपाई, कोणता बाप्तिस्मा शक्य होता? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, म्हणजे कोणी बढाई मारू नये, असे जे म्हटले आहे, त्याचा पुरावा या एका माणसात सापडतो. त्याने ज्याला लुबाडले असेल असा कोणी त्या गर्दीत उभा असता आणि ते वाक्य त्याच्या कानावर पडले असते, तर तो योनासारखाच छप्पर घालून बसला असता. त्याला मी दोष देणार नाही.

दयेचा राग आला आणि तरी जो आत गेला, असा एक माणूस मला नव्या करारात सापडतो. त्याचे नाव हनन्या. दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, नीट नावाच्या रस्त्यावर, यहूदा नावाच्या माणसाच्या घरी तार्सकर शौल आंधळा होऊन, तीन दिवस अन्नपाण्याविना बसला आहे, त्याच्यावर जाऊन हात ठेव, असे प्रभू त्याला दर्शनात सांगतो. हनन्या आढेवेढे घेतो. या माणसाने यरुशलेमेत तुझ्या पवित्र जनांचे किती वाईट केले ते मी पुष्कळांकडून ऐकले आहे, आणि इथेही बेड्या घालायचा अधिकार घेऊनच तो आला आहे, असे तो बोलून दाखवतो. त्याची भीती खरी होती. शौल दिमिष्काला आला होता तो हनन्यासारख्यांनाच बांधून नेण्यासाठी. योना पळून गेला, थोरला भाऊ अंगणात अडून राहिला. हनन्या मात्र बोलायचे ते बोलून उठला, त्या घरात गेला, शौलावर हात ठेवले आणि म्हणाला, ‘शौल भाऊ.’ थोरल्याच्या तोंडून जो शब्द निघाला नाही, तो इथे पहिल्या वाक्यात आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी यरुशलेमेत, गढीच्या पायऱ्यांवर उभे राहून, पौल, म्हणजे तोच शौल, जमावाला ही हकिकत सांगतो. हनन्याची ओळख तो अशी करून देतो, की हा नियमशास्त्राप्रमाणे चालणारा भक्तिमान मनुष्य होता आणि तिथल्या सर्व यहूद्यांत त्याचे नाव चांगले होते. म्हणजे हनन्या हा पाप्यांच्या पंक्तीतला कोणी नव्हता. तो थोरल्या भावाच्याच जातकुळीचा होता, इमानाने शेतात राबणारा. जमाव इथपर्यंत शांतपणे ऐकून घेतो. मग पौल म्हणतो की, प्रभूने मला परराष्ट्रीयांकडे दूर पाठवतो असे सांगितले. तेवढे एक वाक्य कानावर पडताच लोक ओरडू लागतात, अंगावरची वस्त्रे टाकतात, हवेत धूळ उधळतात, याला पृथ्वीवर राहू देऊ नका म्हणतात, आणि सरदाराला त्याला गढीच्या आत न्यावे लागते.